चालत्या चित्रांचे गोंदण

आमच्या सीमाभागाला एकाच गोष्टीसाठी दोन शब्द वापरण्याची सवय आहे. मराठी घरात जे गोंदण, तेच कानडी घरात हच्चे. जत्रेत दोन्ही घरच्या बायका एकाच गोंदणाऱ्यासमोर हात पुढे करून बसत आणि सुई टोचली की 'आई गं' आणि 'अव्वा' शेजारी शेजारी ऐकू येई. आता टॅटू हा तिसरा शब्द आला आहे आणि गंमत अशी की, या शब्दावर दोन्ही भाषांच्या मुलांचे एकमत आहे. टॅटूत काय काढायचे याबद्दलही त्यांचे बरेचसे एकमत दिसते. तुळशीवृंदावन, विंचू, चांदणी आणि मारुती यांच्या जागी सिंहाचा छावा, फुग्यांनी उचललेले घर, ढेरपोट्या जपानी वनदेव, केशरी-पांढरा मासा अशी मंडळी दंडावर येऊन बसली आहेत. ही सगळी कार्टूनपटांतून आलेली.

मी तीस वर्षे बेळगावात शाळेत चित्रकला शिकवली. माझा एक जुना विद्यार्थी आज शहरात टॅटूचे दुकान चालवतो. एखाद्या चित्राची रेषा जमेनाशी झाली की तो मला बोलावून घेतो, आणि त्या निमित्ताने त्याच्याकडचे नमुन्यांचे आल्बम माझ्या नजरेखालून जातात. माझ्या वयाची माणसे हा प्रकार पाहून नाक मुरडतात. परदेशी कंपनीची चित्रे जन्मभरासाठी अंगावर घ्यायची ही कसली हौस, असे विचारतात. प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर शोधायचे तर गोंदणाचा इतिहास आणि कार्टूनपटाचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

या दोन्ही इतिहासांना एक समाईक वर्ष आहे, १८९१. टॉमस एडिसनने १८७६ साली विजेवर चालणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले होते. तिच्या टोकाची सुई भराभर खालीवर होऊन कागदाला भोके पाडी. मग त्या कागदावरून शाईचा रूळ फिरवला की खालच्या कोऱ्या कागदावर नक्कल उमटे. कचेऱ्यांसाठी केलेली ही युक्ती फार दिवस टिकली नाही. पण न्यूयॉर्कमध्ये गोंदण्याचा धंदा करणाऱ्या सॅम्युअल ओरायलीने त्याच तत्त्वावर गोंदण्याचे यंत्र बेतले आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला पेटंट मिळाले. त्याच १८९१ साली एडिसनच्या प्रयोगशाळेने किनेटोस्कोप नावाची पेटी लोकांना दाखवली. तिच्या भोकाला डोळा लावला की आत चित्र हलताना दिसे. कागदाला टोचणारी सुई माणसाच्या कातडीकडे वळली आणि छायाचित्र हलू लागले, ते एकाच कारखान्याच्या पुण्याईने. पुढे सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत बॅटरीवरचे जे यंत्र घरघरताना मी लहानपणी पाहिले, ते ओरायलीच्या यंत्राचेच गरीब नातवंड म्हणायचे. गोंदणाऱ्याच्या शेजारी नमुन्यांचा फळा टेकवलेला असे. बोट दाखवायचे आणि हात पुढे करायचा. अमेरिकेतल्या बंदरांवर खलाशी नांगर आणि गरुड निवडत, तेही भिंतीवर टांगलेल्या अशाच नमुन्यांतून.

चित्रकलेचा मास्तर म्हणून मला या दोन कलांत आणखी एक साम्य दिसते. दोघींनाही रेषेची काटकसर करावी लागते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला बारा चित्रे हातांनी काढायची. एमिल कोल या फ्रेंच चित्रकाराने १९०८ साली जो पहिल्यावहिल्या कार्टूनपटांपैकी एक काढला, त्यासाठी त्याला सुमारे सातशे चित्रे लागली, आणि तो पट दोन मिनिटांतही आटोपतो. त्याची माणसे काळ्या पाटीवर खडूने काढावीत तशी आहेत, डोके म्हणजे गोळा आणि हातपाय म्हणजे काड्या. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट केला, त्यात तर खऱ्याच काड्या नाचवल्या. तो पट आज उपलब्ध नाही. १९२८ साली आलेला मिकी माऊस जवळजवळ सगळा वर्तुळांचा बनला आहे. त्याने तोंड कुठेही फिरवले तरी कान गोलच दिसतात आणि हाताला बोटे चारच. पाचवे बोट कमी केले की हजारो चित्रांत हजारो रेषा वाचतात.

आता आमच्या गोंदणारणीकडे पाहा. काजळी आणि पाल्याचा रस एकत्र खलून, तीन-चार सुया एकत्र बांधून ती टोचत बसे. तिथे प्रत्येक रेष म्हणजे रक्ताचे थेंब आणि समोरच्या पोरीचे रडणे. मग तुळस काढायची तर खाली एक चौकोन, वर एक उभी रेघ आणि दोन्ही अंगांना चार-चार ठिपके. विंचू काढायचा तर एक आकडा आणि काही टिंबे. चित्र ओळखू आले की हात थांबलाच पाहिजे. एकीकडे श्रमाच्या आणि दुसरीकडे वेदनेच्या धाकाने रेषा कमी झाली, आणि म्हणून कार्टूनमधले पात्र कातडीवर जितके शोभते तितके फोटोवरून काढलेले माणसाचे तोंड शोभत नाही.

याला शरीराचेही कारण आहे. कातडीचा वरचा थर सतत झडून नवा होतो. शाई बसते ती त्याच्या खालच्या थरात. तिथे शरीराच्या रक्षक पेशी परकी वस्तू समजून तिचे कण गिळतात. अशी पेशी मेली की तिने सोडलेले कण शेजारच्या नव्या पेशी पुन्हा गिळतात. हे २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले. म्हणजे गोंदण स्थिर दिसले तरी आत ते हातोहात पुढे दिले जात असते. काळाच्या ओघात त्याच्या कडा पसरतात. केसासारख्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि पापण्यांसकट काढलेला राजकन्येचा चेहरा वीस वर्षांनी डागासारखा दिसू लागतो. जाड बाह्यरेषा आणि मोकळी जागा ठेवलेले चित्र टिकते. माझा विद्यार्थी गिऱ्हाइकांना हेच सांगतो, आणि 'हे मला सरांनी शाळेत शिकवलं' असेही वर सांगतो. शाळेत मी त्याला मडके काढायला शिकवले होते, हा भाग वेगळा.

पण रेषा सोपी आहे एवढ्यावरून कुणी चित्र अंगावर घेत नाही. कार्टूनचे पात्र माणसाचे राखणदार केव्हा झाले, हे पाहायला दुसऱ्या महायुद्धाकडे जावे लागेल. त्या काळात अमेरिकेच्या लष्करी तुकड्या डिस्नेच्या कारखान्याला पत्रे लिहून आपल्यासाठी बोधचिन्ह मागत. हँक पोर्टर या चित्रकाराच्या देखरेखीखाली अशी सुमारे १,२०० चिन्हे तिथे तयार झाली आणि ती फुकट दिली गेली. सर्वांत जास्त मागणी डोनाल्ड डकला होती. संतापी, हट्टी आणि पडला तरी उठून भांडणारा हा बदक सैनिकांना आपला वाटला असावा. सालस मिकी लढाऊ तुकड्यांना तितकासा मानवला नाही. अमेरिकी नौदलाच्या एका विमानदलाने तर त्याआधीच फेलिक्स मांजराच्या हाती पेटता बाँब देऊन त्याला आपले चिन्ह केले होते. उद्या परत येऊ की नाही हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांनी लहानपणी थिएटरात हसवणारे पात्र जाकिटावर आणि विमानाच्या नाकावर लावले. आमच्याकडे ज्या भावनेने दंडावर मारुती येई, त्याच भावनेचा हा प्रकार.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने इथे या गोष्टीला व्यावहारिक बाजूही आहे. सैन्यभरतीच्या नियमांत गोंदणाला मर्यादा आहेत. कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्यावरच ते चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सूट आहे. म्हणून माझा विद्यार्थी दुकानात आलेल्या प्रत्येक पोराला पहिला प्रश्न विचारतो, "भरतीला जाणार काय?" उत्तर 'होय' आले की तो यंत्र हातात घेत नाही. "आधी भरती हो, मग ये की," म्हणतो.

तर मग मुले निवडतात काय? आल्बम चाळता चाळता मला एक गोष्ट दिसली. चित्रपट हलतो म्हणून चित्रपट असतो. गोंदवून घेणाऱ्याला त्यातली एकच चौकट निवडून तो कायमचा थांबवावा लागतो. ही चौकट बहुधा नात्याची असते. २००९ सालच्या 'अप' या चित्रपटात कार्ल आणि एली यांचा सारा संसार, लग्नापासून तिच्या मृत्यूपर्यंत, चार-साडेचार मिनिटांत एकही संवाद न घेता दाखवला आहे. लोक घर आणि फुगे गोंदवतात, पण जाणकार निवडतात ते सोड्याच्या बाटलीचे बूच. लहानग्या एलीने ते बिल्ला म्हणून कार्लच्या छातीवर लावलेले असते. एवढेसे वर्तुळ, चित्रपट न पाहिलेल्याला काही कळणार नाही आणि पाहिलेल्याला काही सांगावे लागणार नाही. १९९४ सालच्या 'द लायन किंग'मधूनही पुष्कळजण रंगछटांनी भरलेला सिंह घेत नाहीत. म्हातारा रफिकी झाडाच्या खोडावर बोटाने जो छावा रेखाटतो, तो घेतात. छावा मेला असे वाटल्यावर रफिकी ते चित्र हाताने फिस्कटून टाकतो, आणि तो जिवंत असल्याचे कळल्यावर त्याच चित्राला आयाळ चढवतो. चित्र काढणे म्हणजे एखाद्याचे असणे मान्य करणे, ही समजूत ज्याला पटली त्याला गोंदणाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एक गिऱ्हाईक मला विसरता येत नाही. खेड्यातून आलेला, चाळिशीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. त्याला 'फाइंडिंग निमो' या २००३ सालच्या चित्रपटातला मासा हवा होता. या माशाच्या पिल्लाचा उजवा पर जन्मतः लहान असतो आणि हरवलेल्या पिल्लाला शोधत त्याचा बाप सारा समुद्र पालथा घालतो. माझ्या विद्यार्थ्याने काढलेल्या आराखड्यात दोन्ही पर सारखे झाले होते. त्या माणसाने बोट ठेवले आणि म्हणाला, "हा बारका पाहिजे. माझ्या पोराचा हात असाच आहे." परदेशी कंपनीचे चित्र अंगावर घेण्याची हौस कसली, असे विचारणाऱ्यांना मी हा मासा सांगतो.

या हौशीला विरोधाभासही कमी नाहीत, आणि सर्वांत मोठा जपानात आहे. हायाओ मियाझाकी यांचा 'तोतोरो' १९८८ साली आला आणि 'स्पिरिटेड अवे' २००१ साली. त्यांतली पात्रे जगभर गोंदवली जातात. कोरा मुखवटा घातलेला काओनाशी तर माझ्या विद्यार्थ्याच्या आल्बममध्येच चार तऱ्हांनी आहे. पण खुद्द जपानात मेजी सरकारने १८७२ साली गोंदणावर बंदी घातली, ती १९४८ साली उठली. गुंडांच्या टोळ्यांशी जोडला गेलेला त्याचा कलंक मात्र उठला नाही. गोंदणे हे डॉक्टरचे काम नाही, त्याला वैद्यकीय परवाना लागत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले २०२० साली. आजही तिथल्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत अंगावर गोंदण असलेल्याला प्रवेश मिळत नाही. २०१३ साली होक्काइदोमध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईला चेहऱ्यावरच्या परंपरागत गोंदणामुळे असेच दारातून परत जावे लागले. आणि 'स्पिरिटेड अवे' घडतो कुठे? देवांच्या स्नानगृहात! काओनाशी स्वतः त्या स्नानगृहात शिरतो, पण त्याला दंडावर घेऊन गेलेला भक्त बाहेर उभा राहतो. त्या चित्रपटातली चेटकीण चिहिरो या मुलीचे नावच काढून घेते, आणि नाव विसरले की घरी परतायची वाट बंद, अशी कथा आहे. पूर्वी आमच्याकडे जत्रेत मूल हरवले तर ओळख पटावी म्हणून मनगटावर नाव गोंदत. ते म्हातारपणी वाचता आले नाही तरी तसेच राही.

दुसरे उदाहरण 'मोआना'चे. टॅटू हा शब्दच मुळी पॅसिफिकमधल्या 'ताताऊ'वरून आला. कॅप्टन कुकचे जहाज १७६९ साली ताहितीला लागले, तिथून तो इंग्रजीत शिरला. २०१६ सालच्या 'मोआना'त माउई या लोककथेतल्या वीराच्या सर्वांगावर गोंदण आहे आणि ते हलते. एरिक गोल्डबर्ग या चित्रकाराच्या देखरेखीखाली ते हाताने काढून संगणकावरच्या देहावर बसवले गेले. छातीवरचा छोटा माउई मोठ्या माउईला वेळोवेळी टोचून शहाणपण शिकवतो. पडदा गोंदणाला चालवतो, आणि प्रेक्षक पडद्याला गोंदून थांबवतो, असा हा उलटसुलट व्यवहार. पण त्याच वर्षी मुलांसाठी माउईचा पोशाख बाजारात आला, तपकिरी कातडी आणि गोंदणासकट अंगात चढवण्याचा. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी हरकत घेतली की आमची कातडी म्हणजे सदरा नव्हे. कंपनीने तो मागे घेतला. ज्यांच्याकडे गोंदण वंशावळीसारखे वाचले जाते, त्यांना ते पाच मिनिटांत चढवता-उतरवता येणे झोंबणारच.

इथे मालकीचा प्रश्न येतो, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. १९८९ साली अमेरिकेत फ्लॉरिडामधल्या तीन पाळणाघरांनी भिंतीवर मिकी आणि मंडळी रंगवली, तेव्हा डिस्ने कंपनीने कायद्याचा धाक घालून ती पुसायला लावली. भिंत पुसता येते; माणसाची पाठ कोण पुसणार? त्याच कंपनीने आपल्या उद्यानांतल्या नोकरवर्गाला अंगावरचे गोंदण उघडे ठेवायची मोकळीक दिली ती एप्रिल २०२१ मध्ये. १ जानेवारी २०२४ रोजी 'स्टीमबोट विली'वरचा स्वामित्वहक्क अमेरिकेत संपला आणि १९२८ चा तो काळा-पांढरा मिकी सर्वांचा झाला. त्याची पुढची रूपे मात्र तेव्हा राखीवच राहिली. पंचाण्णव वर्षांनी एक उंदीर सार्वजनिक झाला, याचा गाजावाजा जगभर झाला.

आमची तुळस, चांदणी आणि विंचू पहिल्या दिवसापासून सार्वजनिक होते. त्यांना मालक नव्हता, आणि म्हणून त्यांची नोंद ठेवणाराही कुणी नव्हता. कार्टूनपट जपणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्या तिजोऱ्या आहेत. गोंदणाची मूळ प्रत मात्र माणसाच्या अंगावरच असते. 'मेल्यावर दागिने इथेच राहतात, बरोबर येते ते गोंदण' असे आमच्या बायका म्हणत. खरेच ते बरोबर जाते, आणि मागे काही उरत नाही. गेली काही वर्षे मी बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून हिंडून म्हाताऱ्या बायकांच्या हातांवरचे नमुने वहीत उतरवून घेतो आहे. काहीजणी हात लपवतात. "आता हे काय बघायचं, बाळा?" म्हणतात. दुसऱ्यांदा गेलो तर कधी कधी त्या घरात फक्त तसबीर असते.

आपल्याकडे चालत्या चित्रांची तरी कमतरता होती का? 'बॅम्बी'वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि १९५७ साली जातककथेवरचा 'द बनियन डिअर' तयार झाला. १९७४ साली विजया मुळे यांनी भीमसेन यांच्या साथीने 'एक अनेक और एकता' केला. जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडून जातात ही पंचतंत्रातली गोष्ट त्यात आहे, आणि दूरदर्शनवर ती माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पाहिली. पाच-सात पक्षी आणि वर ओढलेले जाळे एवढेच चित्र. काजळीनेही काढता येईल असे. ते मी माझ्या विद्यार्थ्याला काढून दिले. त्याच पानावर माझ्या आजीच्या उजव्या हातावरची तुळस आठवणीने रेखाटली. आजी १९७१ साली गेली. तिच्या तुळशीला डावीकडे चार ठिपके होते आणि उजवीकडे तीनच. चौथ्याच्या वेळी तिने हात ओढून घेतला होता, असे ती सांगे.

ते पान आता आल्बममध्ये तोतोरो आणि सिंहाच्या मध्ये आहे. मागच्या पावसाळ्यात इंजिनियरिंगला शिकणारी एक कानडी मुलगी पाने उलटत होती. तुळशीवर ती थांबली आणि तिने विचारले, "हे कुठल्या पिक्चरमधलं?"

"पिक्चरमधलं नव्हं," माझा विद्यार्थी म्हणाला, "सरांच्या आजीच्या हातावरचं."

तिने थोडा वेळ ठिपके मोजले. मग मनगट पुढे केले आणि म्हणाली, एका बाजूला तीनच ठेवा.